कोळंबीच्या अंड्यातला शिधा

कोळंबीच्या प्रजननावर या महिन्यात बरीच पत्रे आली. कुणी स्वयंपाकघरातून विचारले आहे, कुणी हॅचरीतून, म्हणजे कोळंबीची पिल्ले तयार करतात तिथून, कुणी होडीवरून. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मादी अंड्यात काय भरून ठेवते. म्हणून निवडक पत्रे एकत्र घेतो आहे.

परवा बाजारातून मोठी टायगर कोळंबी आणली. साफ करताना पाठीतला काळा धागा काढला, पण त्याच्याजवळ हिरवट, घट्टसर असे काहीतरी डोक्यापासून शेपटीकडे गेलेले होते. सासूबाई म्हणाल्या घाण आहे, टाक. मी थोडे ठेवले, तर शिजल्यावर केशरी झाले. ते काय होते? (ठाणे)

ती घाण नव्हती, ती अंडी होती. काळा धागा म्हणजे आतडे; ते काढता ते बरोबर. त्याच्या दोन्ही बाजूंनी अंडाशयाच्या पट्ट्या जातात. मादी अंडी घालायला आली की त्या फुगतात आणि टायगर कोळंबीत गडद शेवाळी रंगाच्या होतात. डोक्यातला तपकिरी-केशरी गर मात्र वेगळा. ती तिची पाचकग्रंथी, म्हणजे यकृत आणि स्वादुपिंड यांचे काम एकटीने करणारा अवयव.

रंग बदलला त्याचे कारण ॲस्टाझँथिन. मुळात हे रंगद्रव्य लाल-केशरीच, पण अंडाशयात ते प्रथिनाला घट्ट बांधलेले असते आणि त्या बांधणीमुळे हिरवे दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, रंग सुटा होतो. कोळंबीचे कवच शिजल्यावर लाल होते तेही याच कारणाने. कोळंबी ताजी असेल आणि घरात कुणाला तिची ॲलर्जी नसेल, तर हा भाग खुशाल खा. सासूबाईंनाही एकदा चव द्या.

मी मत्स्यविज्ञानाची विद्यार्थिनी आहे. कोंबडीत बलकाचे प्रथिन यकृतात तयार होते असे शिकवले. कोळंबीत काही ठिकाणी हेपॅटोपँक्रिअस लिहिलेले दिसते, काही ठिकाणी अंडाशय. खरे काय? आणि रक्तातले प्रमाण मोजून मादी कधी अंडी देईल हे सांगता येईल का? (रत्नागिरी)

दोन्ही खरे आहे, आणि म्हणूनच मला हा विषय इतका प्रिय आहे. पेनिअस गटातल्या (टायगर, कुरुमा वगैरे) समुद्री कोळंबीत व्हायटेलोजेनिन, म्हणजे बलकाचे मूळ प्रथिन, दोन जागी तयार होते: पाचकग्रंथीत, म्हणजेच तुमच्या हेपॅटोपँक्रिअसमध्ये, आणि खुद्द अंडाशयात. जपानी कुरुमा कोळंबीत २००० साली या प्रथिनाच्या जनुकाचा पूर्ण आराखडा वाचला गेला, तेव्हा अंडाशयात अंडपेशींना वेढणाऱ्या पेशींमध्येही ते जनुक चालू असलेले दिसले. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीत, म्हणजे मॅक्रोब्रॅकियममध्ये, हे काम मुख्यतः पाचकग्रंथीच करते. तुमच्या पुस्तकांमधला विरोध पुष्कळदा एवढाच असतो की लेखकांनी वेगवेगळ्या जाती पाहिलेल्या असतात.

हा रेणू अवाढव्य आहे, सुमारे अडीच हजार अमिनो आम्लांची साखळी. तयार झाल्यावर एक विकर तिला ठरलेल्या जागी कापते. पाचकग्रंथीतला माल रक्तावाटे अंडाशयाकडे जातो, अंडपेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही रेणू तो ओळखून आत ओढून घेतात, आणि आत साठला की त्याला व्हायटेलिन म्हणायचे. एकटे प्रथिन कधीच जात नाही. सोबत चरबी, कोलेस्टेरॉल, रंगद्रव्य असा सगळा शिधा बांधलेला असतो.

नावावरून मात्र फसू नका. डेकापॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांसारख्या दहा पायांच्या कवचधाऱ्यांचे हे प्रथिन घराण्याने कोंबडीच्या व्हायटेलोजेनिनपेक्षा आपल्या रक्तातल्या अपोलिपोप्रोटीन बीच्या जवळचे आहे. हे तेच प्रथिन, जे आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल वाहून नेते. २००७ मध्ये काही संशोधकांनी त्याला ‘अपोलिपोक्रस्टेसीन’ म्हणावे असे सुचवले. नाव रुळले नाही, पण त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. चरबी वाहणाऱ्या हमालालाच इथे बलक भरण्याच्या कामाला जुंपले आहे.

रक्तातले प्रमाण मोजता येते आणि अंडाशय भरू लागला की ते वाढते. पण समुद्री कोळंबीत अंडाशय स्वतःही प्रथिन बनवतो. तो माल रक्तात येतच नाही, त्यामुळे रक्ताचा आकडा म्हणजे अर्धीच खातेवही. मादी तयार आहे का हे पाहायला हॅचरीत रात्री पाठीमागून टॉर्च मारतात. टायगरमध्ये पोटाच्या पहिल्या खंडात अंडाशयाची सावली हिऱ्यासारखी रुंद दिसली की ती मादी अंडी घालण्याच्या टाकीत. प्रबंधासाठी रक्त तपासा, पण टॉर्च हातची सोडू नका.

मी मूळचा पालघरचा, आंध्रात हॅचरीत काम करतो. आमच्याकडे मादीचा एक डोळा कापतात. सुरुवातीला अंडी भरपूर येतात, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर नॉप्ली (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) तळाशी बसतात आणि झोइया (त्यापुढची अवस्था) होताना मरतात. मालक म्हणतात पाण्याचा दोष. डोळा का कापतात, आणि त्याचा याच्याशी संबंध आहे का?

पाणी तपासाच, पण तुमच्या वर्णनावरून माझा संशय आईच्या पोटावर आहे.

डोळ्याच्या देठात एक्स-अवयव आणि त्याला जोडलेली सायनस ग्रंथी असते. तिथून येणारे एक संप्रेरक अंडाशयाची वाढ दाबून ठेवते. १९४३ मध्ये पानूझ या फ्रेंच शास्त्रज्ञाने एका छोट्या समुद्री कोळंबीचे देठ काढले आणि तिचे अंडाशय अवेळी वाढलेले त्याला दिसले. सत्तरच्या दशकात हॅचऱ्यांनी ही युक्ती उचलली, कारण टायगरची मादी टाकीत आपणहून क्वचितच तयार होते. एक देठ काढला की संप्रेरक निम्म्यावर येते आणि पुष्कळ माद्या आठवडाभरात अंडी घालतात.

आता नीट पाहा, आपण केले काय? ब्रेक काढला. ब्रेक काढल्याने टाकीत डिझेल भरत नाही. त्यातून त्याच देठात कात टाकणे रोखणारे आणि रक्तातली साखर सांभाळणारे संप्रेरकही असते. म्हणजे मादी लवकर लवकर कात टाकते, तिची शक्ती तिकडेही जाते, आणि वरून दर काही दिवसांनी लाखो अंड्यांचा शिधा भरायचा. टायगरची मोठी मादी एका खेपेला अडीच ते आठ लाख अंडी घालते. तिच्या साठ्यातून हे किती वेळा निघेल?

नॉप्लीला तोंडाने खाता येत नाही. तिच्या सहा अवस्था असतात आणि साधारण दोन दिवस ती निव्वळ आईने दिलेल्या बलकावर जगते. पहिला घास ती झोइया झाल्यावर घेते. बलक तोकडा असेल तर ती नेमकी त्या उंबरठ्यावर गळते, आणि तुम्ही हेच पाहता आहात. सशक्त नॉप्ली दिव्याकडे झेपावते. तळाशी बसणारी गोळा करून पुढच्या टाकीत ओतू नका, कितीही जीव तुटला तरी.

उपाय खाद्यात आहे. कोळंबीला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, लांब साखळीची मेदाम्लेही जवळजवळ बनवता येत नाहीत. ती बाहेरूनच हवीत. म्हणून पॉलिकीट (समुद्री किडे), माकुल, शिंपल्यांचे मांस यांचा आलटून पालटून आहार द्यायचा, आणि तो देठ कापण्याच्या आधी काही आठवडे सुरू करायचा, नंतर नव्हे. पॉलिकीट मात्र रोगमुक्त असल्याची खात्री करून घ्या. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू त्यांच्यावाटे येऊ शकतो. खेपांची मर्यादा ठरवा. मालकांना खेपेनुसार नॉप्ली ते झोइया टिकण्याची टक्केवारी लिहून दाखवा. वहीसमोर वाद चालत नाही.

माझे स्वतःचे मत आता पक्के झाले आहे: व्हनामेई या तलावात पाळायच्या जातीसाठी डोळा कापणे सोडावे. चांगल्या निवडीच्या माद्या, थोडी जास्त संख्या आणि उत्तम आहार असेल तर न कापता काम चालते, आणि अशा माद्यांची पिल्ले रोगाला जास्त तोंड देतात असे प्रयोगांत दिसले आहे. टायगरमध्ये हे अजून अवघड आहे. थायलंडच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अंडाशय दाबून ठेवणाऱ्या संप्रेरकाचे जनुक दुहेरी आरएनए टोचून गप्प केले आणि देठ न कापता टायगरच्या माद्यांनी अंडी घातली. ते रोजच्या कामात यावे असे मला मनापासून वाटते. जिवंत प्राण्याचा डोळा चिमटताना हात थरथरतो, आणि तो थरथरायलाच हवा.

व्हनामेईची अंडी भरपूर, पण फुटतच नाहीत. टायगरला ही अडचण येत नाही. (हॅचरीतूनच दुसरे पत्र)

बहुधा त्यांचे फलनच होत नाही. टायगरच्या मादीच्या छातीखाली शुक्राणू साठवायची बंद पिशवी असते. कात टाकून अंग मऊ असताना नर तिथे शुक्राणूंची पुडी ठेवतो आणि पुढची कात येईपर्यंत ती टिकते. व्हनामेईत ही जागा उघडी. नर अंडी घालण्याच्या काही तास आधी पुडी बाहेरून चिकटवतो, आणि ती सहज पडते. संध्याकाळी मादी उचलताना पुडी आहे की नाही हे एकेक करून पाहा. नसेल तर तिला वेगळ्या टाकीत नेऊ नका, नरांकडे परत सोडा.

तलावातल्या कोळंबीत कधीच अंडी दिसत नाहीत. इंजेक्शने देतात म्हणून का? (पनवेल)

नाही. व्हनामेई तीन-चार महिन्यांत, साधारण १५ ते २५ ग्रॅमची असतानाच काढतात. अंडी धरणाऱ्या माद्या याहून मोठ्या, ३० ग्रॅमच्या पुढच्या असतात. तुमच्या ताटात येते ती अजून वयात न आलेली असते.

१ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद असते. कोळंबी खरेच तेव्हा अंडी घालते का? पोटाखाली अंडी लागलेली कोळंबी आम्हांला या दिवसांत फारशी दिसत नाही. (अलिबाग)

पोटाखाली अंड्यांचा घोस घेऊन फिरते ती वेगळ्या गटातली कोळंबी, मॅक्रोब्रॅकियम आणि तिचे नातलग. टायगर, पांढरी कोळंबी आणि त्यांच्या गटातल्या इतर जाती अंडी सरळ पाण्यात सोडतात, बहुधा रात्री. अंडे एक तृतीयांश मिलिमीटरपेक्षाही लहान. दुसऱ्या दिवशी ते फुटलेलेही असते. म्हणून ते तुमच्या जाळ्यात दिसणार नाही.

उष्ण समुद्रात या जातींची वीण जवळजवळ वर्षभर चालते, मधे एक-दोन भर येतात. त्यामुळे ‘सगळी कोळंबी याच ६१ दिवसांत अंडी घालते’ असे मी म्हणणार नाही. पण कोळंबीचे आयुष्य दोन घरांत चालते. अंडी समुद्रात, आणि पिल्ले भरतीबरोबर खाडीत, तिवरांच्या मुळांपाशी. पाऊस पडून खाडीचे पाणी गोडे झाले की ही वाढती पिल्ले बाहेर समुद्राकडे निघतात. त्यांच्यातल्याच माद्या पुढे अंडी धरणार असतात. तेव्हा बंदीच्या काळात होडी ओढून ठेवलीच आहे, तर खाडीच्या तोंडाशी बारीक आसाचे जाळेही लावू नका. ओहोटीला त्यात जो चमचाभर बारीक माल मिळतो, तो काही आठवड्यांपूर्वी भरतीबरोबर खाडीत चढलेला असतो आणि आता परत निघालेला असतो.