‘शाळेत नुसतेच खेळवतात’ : बालवर्गाच्या पालकांचे प्रश्न

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की या सदराकडे बालवर्गाच्या पालकांची पत्रे वाढतात. त्यांतली चार पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न अनेकांनी विचारला असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून ज्युनिअर केजीत आहे. आमच्या सोसायटीतली त्याच्याच वयाची मुलगी दुसऱ्या शाळेत जाते. तिला शंभरपर्यंत अंक लिहिता येतात आणि रोज गृहपाठही असतो. आमच्या शाळेत मात्र वाळू, माती, गाणी आणि गोष्टी यांपलीकडे काही दिसत नाही, वही अजून कोरी आहे. घरी लिहून घ्यायला सुरुवात करावी की शिकवणी लावावी?
— एक आई, कोथरूड

उत्तर : शिकवणी लावू नका आणि वहीचीही घाई करू नका. वाळू, माती, गाणी, गोष्टी हे शब्द तुमच्या पत्रात तक्रारीच्या सुरात आले आहेत, पण या वयाचा अभ्यास तोच आहे. केंद्र सरकारने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यानेही तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पाठ्यपुस्तके लावू नयेत, अशीच भूमिका घेतली आहे.

आधी हाताचा विचार करू. आपल्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या, म्हणजे हाडाहून मऊ आणि लवचीक अशा भागाच्या, स्वरूपात असतात आणि त्यांचे हाडांत रूपांतर होण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालू राहते. या वयाचे मूल पेन्सिल मुठीत आवळून धरते, टोक मोडेपर्यंत दाबते आणि मनगटाऐवजी सगळा दंड हलवते, ते हट्टाने नव्हे. हात अजून तयार व्हायचा असतो म्हणून. वाळूत रेघा ओढणे, मातीचे गोळे वळणे, कागद फाडून चिकटवणे ही लेखनाचीच तयारी आहे. घरी मटार सोलायला मुलाला शेजारी बसवा आणि नीट पाहा. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबून ती फोडताना आणि दाणे एकेक करून सोडवताना अंगठा व तर्जनी जे काम करतात, तेच काम पुढे पेन्सिल धरताना करायचे असते. वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे, पुरीची लाटी तळहाताने दाबणे, स्वतःच्या शर्टाची बटणे स्वतः लावणे, यांतले काहीही चालेल. बटणे लावायला दहा मिनिटे लागतील आणि शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवत असेल, हे खरे. म्हणून ते काम सकाळी न देता संध्याकाळी द्यावे.

दुसरी तयारी कानाची. अक्षर ही आवाजाची खूण आहे, तेव्हा ज्या मुलाला शब्दातले आवाज सुटे ऐकू येतात, त्याला ती खूण लवकर पटते. बडबडगीतांतून मुलाच्या कानाला हीच सवय लागते. भाजी निवडताना ‘ब-टा-टा’ म्हणत टाळ्या वाजवा. तीन टाळ्या पडतात आणि पुढे लिहायची अक्षरेही तीनच असतात. कप, कढई, कणीक यांच्या सुरुवातीला एकच आवाज आहे, हे स्वयंपाकघरातल्या ओट्याशी बसून कळते. त्यानंतर ग, म, भ, न ही सारख्या वळणाची अक्षरे समोर आली की ती गिरवून घेण्यासाठी फार झटावे लागत नाही.

संख्येच्या बाबतीत पालकांची सर्वांत जास्त फसगत होते. शंभरपर्यंत म्हणता किंवा लिहिता येणे हे बहुतांशी पाठांतर असते, आणि संख्या समजणे ही वेगळी गोष्ट आहे. सहा वाट्या मांडा आणि मुलाला मोजायला सांगा. बोट ठेवून सहापर्यंत बरोबर मोजल्यावर ‘मग वाट्या किती?’ असे विचारले, तर पुष्कळ मुले उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजू लागतात, कारण शेवटी म्हटलेला आकडा हीच एकूण संख्या, हे अजून मनात बसलेले नसते. पाच नाणी जवळजवळ ठेवून मग तीच लांब पसरली, तर ती ‘जास्त झाली’ असे सांगणारी मुलेही या वयात भेटतात. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे फार पूर्वी दाखवून दिले आहे. त्यात मराठी आकड्यांची आणखी एक गंमत आहे. ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना दोन आधी येतो, त्यामुळे मुलाने २३ ऐवजी ३२ लिहिले तर ते कानाशी प्रामाणिक राहिले इतकेच समजावे. म्हणून शंभरपर्यंतच्या लेखनाची घाई करण्यापेक्षा दहापर्यंतची समज पक्की करावी. ‘आज जेवायला पाच जण आहेत, ताटे मांड’ असे सांगावे. मुलाने चारच आणली, तर आपण बोलून न दाखवता त्याला प्रत्येकासमोर एकेक ठेवू द्यावे. एक जण बिनताटाचा राहिला की ते स्वतःच उठून आणखी एक आणायला जाते.

उरली ती स्वतःला आवरण्याची क्षमता. ‘डोंगर की पाणी’ खेळताना ऐकावे लागते, क्षणभर थांबावे लागते आणि मग उडी मारावी लागते. झोपाळ्यासाठी रांगेत उभे राहणे, गोष्ट संपेपर्यंत बसणे, हवा असलेला ठोकळा हिसकावून न घेता मागणे, हे सगळे बालवर्गातच शिकायचे असते आणि गृहपाठाच्या वहीत त्याला जागा नसते. शेजारच्या मुलीची परीक्षा घेण्याचा मोह मात्र आवरावा. तिची शाळा तिच्या आईवडिलांनी निवडली आहे.

खर्चिक ‘लर्निंग किट’ घ्यावे का, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाईंनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पाने असे आसपास मिळणारे साहित्य वापरले. वाल, चिंचोके आणि रिकामे डबे कोथरूडमध्येही मिळतात.

प्रश्न : मुलगा आणि सून दोघेही हिंजवडीला नोकरी करतात, त्यामुळे नात दिवसभर आमच्याकडे असते. ती इंग्रजी माध्यमात सीनियर केजीत आहे. घरी इंग्रजीतच बोला, असे शाळेतल्या बाईंनी सांगितले आहे. आम्हा दोघांचे इंग्रजी बेताचे, म्हणून तिच्या कानावर पडावे यासाठी मोबाइलवर इंग्रजी गाणी लावून देतो. हे योग्य आहे का?
— एक आजोबा, सिंहगड रस्ता

उत्तर : आजोबा, तुम्ही मराठीतच बोला, आणि भरपूर बोला. जी कल्पना मुलाला एका भाषेत नीट समजली आहे, तिचे दुसऱ्या भाषेतले नाव शिकणे सोपे जाते. मोडक्या इंग्रजीत दिवसभर सूचना ऐकून मात्र ना कल्पना पक्की होते ना भाषा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. तुमच्या नातीची शाळा इंग्रजी माध्यमाची असली, तरी घर मराठी राहण्यात तिचा फायदाच आहे.

बोलायचे काय, हा प्रश्न पडला, तर तिला पेशवे पार्कात न्या. तेथे १९५६ पासून फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावते आहे. घरी परतल्यावर आजीला सगळे सांगायचे काम नातीकडे सोपवा : आधी तिकीट काढले की आधी रांगेत उभे राहिलो, कोण कुठे बसले, आणि पुढेच जाणारी गाडी निघाल्या जागी परत कशी आली. घडलेली गोष्ट क्रमाने आणि कारणासह सांगता येणे, हीच पुढच्या वाचनाची आणि निबंधाची पायाभरणी आहे. तिने मधलेच काही वगळले, तर दुरुस्त न करता ‘मग काय झाले?’ एवढेच विचारावे.

मोबाइलबाबत मात्र हात आखडता घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसात एक तासाहून अधिक वेळ बसू नये आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. त्याच सूचनांत या वयासाठी १० ते १३ तास झोप आणि दिवसभरात किमान तीन तास हालचाल सांगितली आहे. नात आता थोडी मोठी असली, तरी हे माप अजून उपयोगी पडेल. गाणे लावायचेच, तर तिच्याबरोबर बसून ऐका आणि त्यातले शब्द मराठीतही बोला. एक गोष्ट तेवढी तपासा : मराठीत सांगितलेलेही ती वारंवार ‘काय?’ म्हणून विचारत असेल, तर भाषेला दोष देण्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. रोज फाटकाशी रडते. मी थांबून राहते, मग ती अधिकच रडते.
— एक आई, विश्रांतवाडी

उत्तर : थांबू नका आणि गुपचूप निसटूही नका. ‘डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी घ्यायला येईन’ असे सांगून, हात हलवून निघा, आणि सांगितलेल्या वेळेला हजर राहा. पाच मिनिटांचा उशीरही सध्या टाळावा. तिला घड्याळ कळत नाही, डबा आणि गोष्ट कळते. काही आठवड्यांनंतरही ती वर्गात दिवसभर रडत असेल किंवा खाणेपिणे सोडत असेल, तर बाईंबरोबर बसून बोलावे.

प्रश्न : मुलाचा जन्म २० डिसेंबरचा आहे. नियमात बसतो म्हणून पहिलीत घालावा की एक वर्ष थांबावे?
— एक वडील, हडपसर

उत्तर : महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यामुळे तुमचा मुलगा जूनमध्ये पहिलीत बसेल, तेव्हा साडेपाचच वर्षांचा असेल आणि वर्गातल्या सर्वांत लहानांपैकी एक असेल. नियम किमान वय सांगतो; त्या वयाला प्रवेश घेतलाच पाहिजे असे सांगत नाही. अंक-अक्षरे किती येतात, यावरून हे ठरवू नये. दोन-तीन सूचना एकत्र दिल्या तर तो पाळतो का, शौचालयाला जायचे आहे हे सांगून आपले आपण उरकतो का, डबा वेळेत संपवतो का, हरल्यावर पुन्हा खेळायला येतो का, हे त्याच्या आताच्या बाईंना विचारावे, कारण तुम्ही त्याला एकट्याला पाहता आणि त्या इतर मुलांमध्ये पाहतात. त्यांना शंका वाटत असेल, तर मी थांबण्याच्या बाजूची आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेण्याची भाषा एखाद्या शाळेने केली, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम १३ नुसार अशा चाळणीला मनाई आहे, हे लक्षात असू द्यावे. पुण्यातल्या बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश दिवाळीनंतर लगेच सुरू होतात, तेव्हा बाईंशी होणारे बोलणे सहामाहीच्या सुट्टीआधी उरकून घ्यावे.