वाचक विचारतात: कास्टिकला कोणतं भांडं, कोणती टाकी?

प्रश्न : आमचा बचत गट आहे, कपडे धुवायचा साबण बनवतो. कास्टिक सोडा जर्मनच्या गंजात (ॲल्युमिनियमच्या पातेल्यात) भिजवला तर फसफस करून उकळीच आली, गंज काळा पडला अन् दुसऱ्या खेपेला बुडाला भोकं. भांडेवाला म्हणते आता ३१६ चं स्टील घ्या, पण ते लय महाग आहे. काय करावं जी?
— एक ताई, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, आधी जर्मन घरातल्या भाजीपुरतंच ठेवा. ॲल्युमिनियमवर हवेतच एक पातळ थर बसते, तोच त्याला वाचवते, पण कास्टिक तो थरच विरघळवून टाकते आणि मग खालचा धातू खात सुटते. तुम्हाला दिसली ती फसफस म्हणजे हायड्रोजन, पेट घेणारा गॅस, तेव्हा बाजूला चूल पेटलेली नव्हती हे बरं झालं. काळं राहिलं ते धातूत मिसळलेलं लोखंड-सिलिकॉन वगैरे, ते कास्टिकात विरघळत नाही म्हणून वर दिसते. जस्ताचीही तीच गत, म्हणून जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची बादली नको, आणि कल्हईचं पितळी पातेलंही नको कारण कल्हई म्हणजे कथील, तेही कास्टिकात टिकत नाही.

३१६, ३०४ हे स्टीलचे ग्रेड, तुम्हाला ३१६ ची गरज नाही. त्यात मॉलिब्डेनम नावाचा धातू जास्तीचा असते आणि ते कामी येते मिठाच्या, क्लोराइडच्या पाण्यात. निव्वळ कास्टिकात ३०४ आणि ३१६ जवळपास सारखेच टिकतात, तुमच्या कामाला ३०४ पुरून उरते. हां, तुम्ही साबण शिजवून वरून मीठ टाकून फाडत, म्हणजे पाण्यातून वेगळा काढत असाल तर गोष्ट वेगळी, गरम आणि खारट दोन्ही एकत्र आलं की ३१६ चे पैसे वसूल होतात. बाजारात २०२ चं स्टीलही ३०४ म्हणून खपवतात, दोन्हीला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून काही कळत नाही, बिलावर ग्रेड लिहून मागा.

नुसतं कास्टिकचं पाणी करायला तर पॉलिप्रॉपिलीनची जाड बादली चालते, बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असते ती. पाण्यात सोडा थोडा थोडा टाका, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका, भपकन उसळते. डोळ्यात शिंतोडा गेला तर व्हिनेगर-लिंबू काही नाही, साध्या पाण्याच्या धारेखाली निदान १५ मिनिटं डोळा धरा आणि तसंच दवाखान्यात.

प्रश्न : सरकीच्या तेलाच्या रिफायनरीत मेंटेनन्सला आहे. कास्टिक लायची (कास्टिकच्या पाण्याची) साध्या लोखंडाची टाकी आहे, पत्रा जाडीला एकदम ठीक, तरी स्टीमच्या कॉइलजवळ (वाफेच्या नळीजवळ) वेल्डिंगशेजारी बारीक चिरा गेल्या अन् पांढरं फुटून येते. वेल्डिंग मारलं तर बाजूला पुन्हा फुटते. मालक म्हणतात पत्रा हलका लागला.
— एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : पत्र्याला दोष देऊ नका भाऊ. साधं लोखंड थंड कास्टिकला चांगलं टिकते, ५० टक्क्यांची लाय ५० अंशापर्यंत निवांत ठेवता येते. पण वेल्डिंग केलं की त्या जागी धातूत ताण राहून जाते, त्यावर गरम लाय बसली की पत्रा पातळ न होता सरळ चिरत जाते. जुन्या रिव्हेटच्या बॉयलरात ह्याच रोगाने लय नुकसान केलं. तुमच्या टाकीत सगळी लाय गरम नसेलही, पण कॉइल जिथे भिंतीत शिरते तिथे मात्र चटका बसते.

स्टीम तुम्ही हिवाळ्यासाठीच सोडत असाल, कारण ५० टक्क्यांची लाय १२ अंशाच्या आसपास गोठायला लागते आणि आपल्याकडे डिसेंबरात रात्री पारा त्याच्याही खाली जाते. मग स्टीमऐवजी कोमट पाणी फिरवा, लाय नुसती पातळ राहावी एवढंच पाहिजे. नवीन टाकी करताना वेल्डिंग झाल्यावर ६०० अंशाच्या वर तापवून हळूहळू थंड करून घ्या, त्याने ताण उतरते. लाय खरोखरच कडक गरम ठेवायची असेल तर निकेल, कास्टिक आटवायच्या प्लांटमध्ये तेच वापरतात, पण किंमत ऐकून मालक खुर्चीवरून उठतील, म्हणून आधी कोमट पाण्याचंच बोला. आणि त्या चिरेवर पुन्हा वेल्डिंग मारू नका, टाकी रिकामी करून, धुवून तेवढा तुकडाच कापून बदला. पितळी कॉक, ॲल्युमिनियमचा पंप असे जोडलेले असतील तर तेही काढा.

प्रश्न : संत्र्याला बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं फवारायचं औषध) लोखंडी ड्रमात केलं तर चुना ड्रम खाईल काय?
— एक शेतकरी, वरूड

उत्तर : चुना नाही खात, चुन्यात लोखंड उलट सुरक्षित राहते. खाते तो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात तांबं असते. लोखंडी ड्रमात मोरचूद भिजवला की तांबं ड्रमाला चिकटते आणि लोखंड पाण्यात उतरते, म्हणजे ड्रमही गेला आणि औषधही हलकं. प्लास्टिकचा ड्रम घ्या. मिश्रण झालं की घासलेलं चकचकीत विळ्याचं पातं थोडा वेळ बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना कमी पडला, अजून चुन्याची निवळी टाका.