सहा महिने फिगर ड्रॉइंग करतोय, मापं बरोबर येतात, तरी आकृती लाकडी का दिसते?

साडेसात डोक्यांचं माप (उभ्या माणसाची उंची म्हणजे त्याच्या डोक्याच्या साडेसात पट) जमतंय म्हणजे सहा महिने वाया गेलेले नाहीत. पण ताठपणा मापामुळे येत नाही, तो येतो शरीराचा भार न दिसल्यामुळे. मॉडेल एका पायावर भार टाकून उभं असेल तर त्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललं जातं आणि त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. आपण कमरेची आणि खांद्यांची रेष, दोन्ही आडव्या काढतो (मीही वर्षभर काढल्या) आणि माणसाचा खांब होतो! गळ्याच्या खळगीतून ओळंबा (सरळ खाली जाणारी उभी रेष) सोडून बघा. एका पायावर उभ्या माणसात तो भार घेतलेल्या पायाच्या घोट्याजवळ उतरतो. तुमच्या कागदावर तो भलतीकडेच उतरत असेल, तर आकृती तोल जाऊन पडतेय असं समजा.

रोज ३०-३० सेकंदांची वीस स्केचेस करा, खोडरबर घरी ठेवून. पहिली रेष चेहऱ्याची नको, पाठीच्या कण्याच्या बाकाची. मॉडेल परवडत नसेल तर एसटी स्टँड किंवा रेल्वेचा फलाट आहेच. बाकावर पेंगणारे प्रवासी सगळ्यात चांगले, तक्रार करत नाहीत. 

आणि हो, हाताचे पंजे. बहुतेक विद्यार्थी ते लहान काढतात. पंजा साधारण हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतच्या चेहऱ्याएवढा असतो. स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून पाहा.

स्नायूंची नावं पाठ करायची घाई आत्ता करू नका. जुन्या वह्या मात्र तारीख घालून ठेवा, रद्दीत देऊ नका.