एनएमआरसाठी नमुना पाठवण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात तयार केलेल्या संयुगाचे ३ मिलिग्रॅम चूर्ण मी बाहेरील प्रयोगशाळेकडे प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजनचे केंद्रक) आणि कार्बन अशा दोन्ही एनएमआर वर्णपटांसाठी पाठवले. प्रोटॉनचा वर्णपट उत्तम आला, पण कार्बनच्या कागदावर द्रावकाच्या रेषांखेरीज नुसती खरखर आहे. ‘नमुना अपुरा’ असा शेरा मिळाला. तोच नमुना एका वर्णपटाला पुरतो आणि दुसऱ्याला का पुरत नाही? — एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : शेरा योग्य आहे. निसर्गातील कार्बनपैकी केवळ १.१ टक्का कार्बन-१३ असतो आणि एनएमआरला, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रकांचे संकेत टिपणाऱ्या तंत्राला, तेवढाच दिसतो. शिवाय त्याच्या केंद्रकाचे चुंबकीय बळ प्रोटॉनच्या सुमारे चतुर्थांश असल्यामुळे प्रत्येक केंद्रकाकडून मिळणारा संकेतही क्षीण असतो. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तर कार्बनची संवेदनक्षमता प्रोटॉनच्या जवळपास सहा हजारांश भरते. ही तूट भरून काढण्यासाठी यंत्र तेच मापन शेकडो वेळा करून बेरीज घेते, परंतु संकेत आणि खरखर यांचे गुणोत्तर मापनांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच सुधारते. त्यामुळे ३० मिलिग्रॅम नमुन्याचा जो कार्बन वर्णपट अर्ध्या तासात मिळतो, तसाच ३ मिलिग्रॅममधून हवा असेल तर शंभरपट वेळ, म्हणजे पन्नास तास लागतील. रांगेत इतरांचे नमुने असताना कोणतीही प्रयोगशाळा एवढा वेळ देणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही बरे नव्हे.

रेणुभार ३०० च्या आसपास असलेल्या संयुगासाठी प्रोटॉनला ५ ते १० मिलिग्रॅम आणि कार्बनला २० ते ५० मिलिग्रॅम हा सोयीचा अंदाज आहे. याहून बरेच अधिक भरल्याने मात्र लाभ होत नाही, कारण द्रावण दाट झाले की रेषा रुंदावतात. पाठवण्यापूर्वी चिमूटभर चूर्ण नियोजित द्रावकाच्या साध्या, ड्युटेरिअम (जड हायड्रोजन) नसलेल्या रूपात विरघळवून पाहावे; तेथे ते तळाशी बसत असेल, तर एनएमआरच्या महागड्या, ड्युटेरिअमयुक्त द्रावकातही तसेच बसणार.

ट्यूब स्वतः भरून देणार असाल तर ५ मिलिमीटर व्यासाच्या ट्यूबमध्ये सुमारे ०.६ मिलिलिटर द्रावण घ्यावे; त्याची उंची चार ते पाच सेंटिमीटर भरते. ‘कमी द्रावकात घेतले तर तीव्रता वाढेल’ हा विचार वरकरणी बरोबर वाटतो, परंतु द्रावणाचा स्तंभ यंत्राच्या संवेदक वेटोळ्याच्या वर आणि खाली पुरेसा पोहोचला नाही, तर चुंबकीय क्षेत्र एकसारखे करण्याचे काम, म्हणजे शिमिंग, नीट साधत नाही आणि मिळवलेली तीव्रता रुंद, बेढब रेषांमध्ये वाया जाते.

प्रश्न : माझे द्रावण अगदी स्वच्छ दिसत होते, तरी ‘नमुना गाळलेला नाही, रेषा रुंद आहेत’ असे कळवण्यात आले. हा आक्षेप कितपत खरा मानावा? — एक संशोधक, नाशिक

उत्तर : अर्धा खरा मानावा. ट्यूब उजेडासमोर आडवी धरून सावकाश फिरवली, तर उभी असताना न दिसणारे बारीक तंतू आणि कण पुष्कळदा दिसू लागतात. असे कण क्षेत्राची एकसमानता बिघडवतात. उपाय सोपा आहे : पाश्चर पिपेटच्या निमुळत्या भागात कापसाचा लहानसा बोळा बसवावा, तो द्रावकाने एकदा धुऊन घ्यावा आणि त्यातून द्रावण थेट ट्यूबमध्ये सोडावे.

तथापि आपण अभिक्रियेत तांब्याचा उत्प्रेरक वापरल्याचे पत्रात लिहिले आहे आणि माझा संशय तिकडेच अधिक आहे. हवेच्या संपर्काने तयार होणारे द्विसंयुजी तांबे अनुचुंबकीय असते, म्हणजे चुंबकीय क्षेत्राकडे ओढले जाते. ते द्रावणात विरघळलेले असल्याने कापसातून सहज निघून जाते आणि अत्यल्प असले तरी रेषा पसरवते. लोहाच्या क्षारांचीही हीच तक्रार असते. संयुगाला पाण्याची अडचण नसेल, तर सेंद्रिय थर ईडीटीए या धातूचे आयन पकडणाऱ्या रसायनाच्या जलीय द्रावणाने धुवावा किंवा संयुग सिलिकाच्या आखूड स्तंभातून काढावे, आणि मगच नमुना पुन्हा पाठवावा. याच कारणासाठी ट्यूब क्रोमिक आम्लाने कधीही धुऊ नये, कारण काचेला चिकटलेले क्रोमिअम पुढच्या नमुन्यात उतरते. ॲसिटोनने धुतलेली ट्यूब पूर्ण वाळवावी, अन्यथा २.१७ पीपीएमला (वर्णपटावरील रेषेची जागा सांगणारे एकक) एक आगंतुक रेषा उभी राहते.

प्रश्न : द्रावक म्हणून सीडीसीएल-३ (ड्युटेरिअमयुक्त क्लोरोफॉर्म) घ्यावे की डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड)? आणि नमुना परत मिळवता येतो का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : संयुग ज्यात पूर्ण विरघळते ते घ्यावे; दोन्हींत विरघळत असल्यास सीडीसीएल-३ घ्यावे. ते ६१ अंशांना उकळते, त्यामुळे नमुना परत मिळवणे सोपे जाते. डीएमएसओचा उत्कलनबिंदू १८९ अंश आहे आणि त्यातून काही मिलिग्रॅम संयुग सोडवणे कटकटीचे असते. जुन्या सीडीसीएल-३ मध्ये आम्लाचा अंश असतो, म्हणून ॲसिटालसारख्या नाजूक संयुगांसाठी ते निर्जल पोटॅशिअम कार्बोनेटवर ठेवून गाळून वापरावे. ओएच किंवा एनएचचे प्रोटॉन पाहायचे असतील तर डी-२-ओ (जड पाणी) टाळावे. तेथे त्यांची जागा ड्युटेरिअम घेतो आणि रेषा नाहीशा होतात.

प्रश्न : कुरिअरने नमुना पाठवताना काय काळजी घ्यावी, आणि अर्जात किती माहिती द्यावी? — एक प्राध्यापिका, अमरावती

उत्तर : शक्यतो द्रावण पाठवू नये, कोरडे चूर्ण वा तेल लहान काचेच्या बाटलीत, झाकणावर आणि बाटलीवर एकच सांकेतिक क्रमांक घालून पाठवावे. येथे ‘कोरडे’ या शब्दाकडे विद्यार्थी फार हलगर्जीपणे पाहतात. तेलकट संयुगे इथाइल ॲसिटेट घट्ट धरून ठेवतात आणि मग १.२६, २.०५ व ४.१२ पीपीएमला त्याचे तीन संकेत हजर होतात. पहिला आणि तिसरा संकेत पाहून आपल्याच रेणूत इथॉक्सी गट असल्याचा समज करून घेतलेले प्रबंध परीक्षकांसमोर येतात. संयुग दोन-तीनदा थोड्या डायक्लोरोमिथेनमध्ये घेऊन उडवावे आणि नंतर काही तास निर्वात पंपावर ठेवावे. संयुगच बाष्पनशील असेल तर पंप अर्थातच टाळावा.

अर्जात अपेक्षित रचना, रेणुभार, वजन, ज्या द्रावकात विरघळल्याची खात्री केली आहे ते द्रावक आणि हवे असलेले प्रयोग लिहावेत. विषारी, स्फोटक वा दुर्गंधी पदार्थांची सूचना ठळक अक्षरांत द्यावी. गोपनीयतेच्या धास्तीने रचना लपवण्याची प्रथा मला अनाठायी वाटते, कारण १२ पीपीएमच्या पलीकडे, समजा १६ च्या आसपास, रेषा अपेक्षित असल्याचे चालकाला ठाऊक नसेल, तर नेहमीच्या मर्यादेत घेतलेल्या वर्णपटात ती योग्य जागी दिसणारच नाही. निदान तेवढी सूचना तरी अर्जावर द्यावी. नमुना परत हवा असल्यास तेही अर्जावरच लिहावे. महिनाभराने विचारणा केल्यास बहुधा उपयोग होत नाही.