सारंगखेड्याच्या यात्रेतला धावता घोडा फोटोत थिजलेला दिसतो. फोटोशॉपमध्ये वेग कसा दाखवू? आणि चेहऱ्यावर केळीबागेचं डबल एक्स्पोजर (दोन फोटो एकात मिसळणं)?

अख्ख्या फोटोवर मोशन ब्लर टाकू नका, घोडाच पुसट होतो. आधी घोडा सिलेक्ट करून कंट्रोल+जे ने वेगळ्या लेयरवर घ्या. मग खालच्या लेयरवर तेच सिलेक्शन 10 पिक्सेलने वाढवून कंटेंट-अवेअर फिल करा, म्हणजे घोड्याची जागा आजूबाजूच्या पार्श्वभूमीने भरली जाते. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळली की घोड्याचा रंग मागे ओढला जाऊन त्याच्याभोवती भुतासारखी कड दिसते. आता या खालच्या लेयरचं स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे आकडे नंतरही बदलता येतील, आणि मोशन ब्लर द्या. 6000 पिक्सेल रुंदीच्या फोटोला अंतर 100 ते 150 पुरे. कोन घोड्याच्या धावेचाच ठेवा. सपाट मैदानावर 0.

घोड्याच्या लेयरची एक प्रत त्याखाली ठेवून तिला 25 चा मोशन ब्लर द्या. वरच्या लेयरवर मास्क (लेयरचा भाग न खोडता लपवणारा थर) लावून काळ्या, मऊ ब्रशने फक्त पाय आणि शेपटी पुसा. डोळा, तोंड मात्र धारदारच हवं.

डबल एक्स्पोजर त्यामानाने सोपं. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा गडद चेहरा खाली, केळीबाग वर, ब्लेंड मोड स्क्रीन. बाग फक्त गडद भागातच उमटते, म्हणून पाठीमागे भिंत किंवा झाडं असतील तर सगळा चिखल होतो. चेहरा हरवला तर बागेच्या लेयरवर मास्क लावून डोळ्यांपाशी 30 टक्के ओपॅसिटीचा काळा ब्रश फिरवा.

पुढच्या यात्रेत शटर 1/30 सेकंदाला ठेवून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवून बघा, निम्मं काम वाचेल.