ही काठी कोणाची?

“मॅडम, अक्षरं सगळी येतात, बाराखडी तोंडपाठ आहे, पण वाक्य समोर आलं की अडतो. वर्गातली बाकीची मुलं घडाघडा वाचतात.” शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत ही तक्रार मी इतक्या पालकांकडून ऐकते, की तिच्यामागे बहुधा काय दडलेले असते ते एका अनुभवातून सांगावेसे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत शिकणारा. आई रोज संध्याकाळी त्याला अर्धा तास वाचायला बसवत असे आणि तो अर्धा तास बहुतेक वेळा रडण्यात संपत असे. घरी करता तसेच येथेही करून दाखवा, असे मी सुचवले. त्याने ‘कविता’ हा शब्द ‘कीवता’ असा वाचला. “नीट बघ. किती वेळा सांगितलंय?” आई म्हणाली. त्याने वर पाहिले, आईच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला आणि ‘कावता’ म्हणून पाहिले, मग ‘कवता’. पुस्तकाकडे त्याने पुन्हा पाहिलेच नाही. पुढचा सगळा शोध चेहऱ्यावर चालला होता.

आईला थोडा वेळ गप्प बसण्याची विनंती करून मी त्याला विचारले, “तू आधी ‘की’ वाचलंस, ते कसं, मला दाखवशील?”

त्याने ‘क’ आणि ‘व’ यांच्या मधल्या उभ्या रेघेवर बोट ठेवले. “ही काठी क-च्या शेजारी आहे ना? मग ती क-चीच.”

या उत्तराने मी खरोखर थांबले. काना अक्षरानंतर येतो, दुसरी वेलांटीही अक्षरानंतर येते; त्यावरून त्याने स्वतःच एक नियम बांधला होता आणि तो काटेकोरपणे पाळत होता. पहिली वेलांटी तेवढी आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. बाराखडीत तर ही अडचण उद्भवतच नाही, कारण तेथे ‘वि’ आपल्या चौकटीत एकटाच असतो आणि त्याच्या डावीकडे रेघेवर हक्क सांगणारे दुसरे अक्षर नसते. बाराखडी येणारे मूल शब्दात अडखळते याचे हे एक कारण इतक्या वर्षांत मला एवढ्या स्वच्छपणे कोणी समजावले नव्हते.

“काठीवरची कमान कोणाच्या डोक्यावर गेली आहे?” मी विचारले. तो वाकला, बोटाने कमान गिरवली आणि ओरडला, “व-च्या! मग व-ची आहे ही! क-वि-ता!”

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तो विचार करत होता आणि मी त्याला लक्ष नाही म्हणून रागावत होते.”

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे बालशिक्षण उभे केले, त्याच परंपरेत मी घडले आहे. चुकीमागचा विचार विचारल्याशिवाय चूक सुधारू नये, हे मला सगळ्या तंत्रांहून महत्त्वाचे वाटते. म्हणून मी त्या आईला सांगितले, की वाचन दहा मिनिटांवर आणा. तो वाक्य संपवेपर्यंत थांबा, कारण अर्थ जुळला नाही तर मूल पुष्कळदा स्वतःच मागे वळते. आणि दिवसातले एक वाक्य त्याला बोलू द्या, ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहा व त्यालाच वाचायला द्या. ‘आजीने मला गुळाची पोळी दिली’ हे वाक्य त्याच्या तोंडात आधीपासून असल्यामुळे डोळ्यांना ते सोपे जाते. पाठ झालेले पुस्तक तो ‘वाचत’ असेल तर त्याला खोटे ठरवू नका; बोललेला शब्द कागदावर कोठे आहे, हे तो शोधत असतो. ‘घ-ध’ किंवा ‘भ-म’ यांची गल्लत या वयात सर्रास होते. शासनाच्या ‘निपुण भारत’ अभियानानेही समजून वाचता येण्यासाठी तिसरीपर्यंतची मुदत धरली आहे. मात्र डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत, आणि ‘कमळ’ कोणत्या आवाजाने सुरू होते हेही मुलाला ओळखता येत नसेल, तर तज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये.

दोन महिन्यांनी मायलेक वही घेऊन आले. स्वयंपाकघरातील तेलाच्या पिशवीवर ‘सूर्यफूल’ वाचताना तो अडला होता. य-च्या डोक्यावरच्या रफाराकडे बोट दाखवून त्याने विचारले होते, “आई, हा आधी बोलायचा आणि नंतर वर बसवायचा, असं आहे का?” आईने लगेच उत्तर दिले नव्हते. गॅस बारीक करून ती त्याच्याशेजारी बसली आणि म्हणाली, “तुला असं का वाटलं, ते आधी सांग.”