शून्याच्या पाढ्यात बारा कुठे?

"मॅडम, हिला ते डिस्कॅल्क्युलिया का काय म्हणतात ते आहे का, तेवढंच सांगा," खुर्चीत टेकायच्या आतच आईने विचारलं. डिस्कॅल्क्युलिया म्हणजे संख्या आणि हिशेब समजायलाच अडचण येणं. मोबाइलवर रात्री बारापर्यंत वाचत बसल्याचं डोळ्यांवर दिसत होतं. मुलगी सहावीतली. गणिताच्या तासाआधी पोटात दुखायचं. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, पोटात काही निघालं नव्हतं. गुणोत्तराचा धडा सुरू झाल्यापासून तिने वहीत उत्तरं लिहिणंच सोडलं होतं. चुकीची नाहीत, कोरी पानं.

"आमचं मूल गणितात कच्चं आहे की त्याला काही आजार आहे?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. मी लगेच चाचणीला पाठवत नाही. आधी साध्या गोष्टी बघते. दुकानातून उरलेले पैसे बरोबर मोजून आणते का? घड्याळ कळतं का? दोन ढिगांतला मोठा कुठला हे नजरेने सांगते का? यात काही महिने सतत अडखळणारं मूल असेल, तर तपासणी जरूर करावी, त्यात कमीपणा नाही. ही मात्र कुठेच अडखळली नाही. उलट रिक्षाचे पैसे मी चुकीचे मोजले, ते तिने दुरुस्त केले.

मग मी म्हटलं, "तुझी वही दाखव. शेवटचं लिहिलेलं पान."

त्या पानावर शिकवणीतला नियम होता: गुणोत्तराच्या दोन्ही पदांना एकाच संख्येने गुणलं की समान गुणोत्तर मिळतं. 2:3 म्हणजेच 4:6, म्हणजेच 6:9. त्याखाली, पेन्सिलीने, बारीक अक्षरात तिचं स्वतःचं गणित:

2:3 ला 0 ने गुणलं, 0:0.
4:5 ला 0 ने गुणलं, 0:0.
म्हणजे 2:3 = 4:5?

हा प्रश्न तिने शिकवणीत विचारला होता. "जास्त हुशारी नको, पुढचं सोडव," असं उत्तर मिळालं, आणि पोरं हसली. पोटदुखी त्याच आठवड्यातली.

खरं सांगायचं तर मलाही पटकन उत्तर सुचलं नाही. मी गणिताची शिक्षिका नाही. पण टेबलावर लिंबू सरबताचा ग्लास होता, तो कामी आला. "2 चमचे रस, 3 चमचे साखर. 4 आणि 6 घातले तर?" "चव तीच, सरबत जास्त." "आणि 4 ला 5?" "आंबट लागेल." "आता रस शून्य, साखर शून्य. चव कशी?" ती थांबली. मग म्हणाली, "रिकाम्या ग्लासाची चव कशी सांगणार? तो कुठल्याही सरबताचा असेल."

तिथेच गाठ सुटली. 4:6 वरून 2 ने भागून 2:3 ला परत येता येतं. 0:0 वरून परतीची वाट नाही, कारण तिथे पोचल्यावर आपण कुठून आलो हेच पुसलेलं असतं. म्हणून त्या नियमात "शून्येतर संख्येने" असा एक शब्द लागतो. तिच्या वहीत तो नव्हता. तिने नेमकी ती फट शोधली होती!

वडील एवढा वेळ गप्प होते. "पण मॅडम, शून्याने भागलं की शून्य, हे तर साधं आहे ना?" मराठीत हा घोटाळा फार होतो. शून्या*ला* 12 ने भागलं तर उत्तर शून्य, 12 जणांत काहीच वाटायचं नाही. शून्या*ने* 12 ला भागणं ही वेगळीच गोष्ट. मी मुलीलाच विचारलं, "12 भागिले 3 कसं करतेस?" "तिनाच्या पाढ्यात बारा शोधते. तीन चोक बारा. चार." "मग शून्याचा पाढा म्हण."

"शून्य एके शून्य, शून्य दुणे शून्य, शून्य त्रिक शून्य, शून्य चोक शून्य..." दहापर्यंत गेली, हसू आवरेना. "यात बारा येणारच नाहीत!" "आणि शून्य भागिले शून्य? पाढ्यात शून्य कुठे येतो?" "सगळीकडे!" 12 ला उत्तरच नाही, शून्याला वाटेल ते उत्तर. दोन्ही वेळा एक ठरलेली संख्या मिळत नाही, म्हणून गणितवाले हा भागाकार अव्याख्यात ठेवतात. ही पळवाट नाही.

वडील म्हणाले, "आम्ही तर अनंत ऐकलंय." बरोबरच ऐकलं होतं. ते चाळीसगावचे, पाटणादेवीला दरवर्षी जाणारे. तिथल्या पाटणच्या शिलालेखात गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद आहे. शून्याने भागण्याबद्दल भास्कराचार्यांच्या आधीचे गणिती ब्रह्मगुप्त यांनी 628 मध्ये शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असं लिहिलं. नवव्या शतकात महावीराचार्य म्हणाले, शून्याने भागलेली संख्या तशीच राहते. 1150 च्या सुमारास भास्कराचार्यांनी अशा राशीला खहर म्हटलं आणि तिला अच्युतासारखी, म्हणजे विष्णूसारखी, अनंत मानलं, कितीही मिळवा वा काढा, बदल नाही. पण अनंत ही संख्या धरली, तर 12 भागिले 0 आणि 15 भागिले 0 दोन्ही अनंत, आणि उलट गुणून 12 आणि 15 सारखेच होतात. मुलीने लगेच वहीकडे बोट दाखवलं: "हे माझंच झालं, 2:3 आणि 4:5 चं." जिथे एवढ्या मोठ्या माणसांची मतं जुळली नाहीत, तिथे सहावीतली पोर अडली, तर तिला कच्ची कशी म्हणायची?

पालकांना मी दोनच गोष्टी सांगितल्या. घरी "एवढं पण येत नाही?" हे वाक्य बंद. आणि तिने "असं का?" विचारलं की उत्तर येत नसेल तर "मला नाही माहीत, शोधू" म्हणायचं. वडिलांना दुसरं अवघड गेलं. शिकवणी बदलायचा आग्रह मी धरला नाही. आईने तिथे जाऊन बोलून यावं, एवढंच सुचवलं. ती गेली. सरांनी तोंड वाकडं केलं म्हणे, पण "शून्येतर" हा शब्द फळ्यावर लिहिला.

दीड महिन्याने आईचा फोन आला. पोटदुखी पूर्ण गेलेली नाही, चाचणीच्या सकाळी अजून होते. गुण 20 पैकी 13. एका प्रश्नात "5 ÷ 0 = ?" होतं. तिने लिहिलं होतं: शून्याच्या पाढ्यात पाच नाही. शाळेतल्या बाईंनी शेजारी आधी लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि मग त्यावरच बरोबरची खूण.